कुलूप लावलेल्या घरांची दुरुस्ती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईच्या एका चर्चमधल्या तरुण मंडळींनी नाताळच्या सुट्टीत आमच्या तालुक्यातल्या कातकरी वाडीत नऊ घरे दुरुस्त केली, ही परवाची बातमी वाचली. फोटो झकास आहे. सगळ्यांचे एकसारखे टी-शर्ट, डोक्यावर पिवळी हेल्मेटे, मागे कोरे करकरीत पत्रे. शिडीवरचा मुलगा कॅमेऱ्याकडे बघून हसतो आहे, शिडी मात्र कोणीच धरलेली नाही. बातमीत देणगीदारांचे आभार आहेत, बसवाल्याचे आहेत, जेवण पुरवणाऱ्या केटररचेसुद्धा आहेत. त्या नऊ घरांत राहते कोण, हे शोधायला मी बातमी दोनदा वाचली. सापडले नाही. सापडणार तरी कसे? गणपतीच्या सुमारास वीटभट्टीवाल्या शेठची आगाऊ उचल घेतलेली कुटुंबे दिवाळी झाली की बिऱ्हाड उचलतात, ती पाऊस तोंडाशी आला की परततात. डिसेंबरात वाडीत सगळी कुलपे. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, आपल्या वार्ताहराला ठाऊक नसावे. फोटोखाली तर 'वारली पाडा' असे छापले आहे. रायगडात कातकऱ्यांची वाडी असते हो! असो.

पण मी लेखणी उचलली ती कालच्या अंकामुळे. याच बातमीवर एका वाचकाने लिहिले आहे की घरदुरुस्तीच्या आडून धर्मांतर चालते, सरकारने चौकशी करावी. या सद्गृहस्थांनी ही पोरे काम करताना पाहिलेली दिसत नाहीत. पाच दिवसांत ज्यांना खिळा सरळ ठोकता येत नाही ते कोणाचा धर्म बदलणार? आणि छपराची जातकुळीच काढायची असेल तर मंगलोरी कौलाचा पहिला कारखाना मंगळूरला 1865 साली बासेल मिशनच्या पाद्र्यांनीच काढला. आमच्या आळीतल्या निम्म्या घरांवर आणि मारुतीच्या देवळावर त्याच घडणीची कौले आहेत. पत्रलेखकांनी आधी ती उतरवून घ्यावीत. दीडशे वर्षांत मारुती काही बाटलेला नाही.

मला चर्चचे वावडे नाही. माझे दुखणे एका किल्लीचे आहे.

मी त्या भागातल्या वाडीवरच्या शाळेत शिक्षक होतो, आता निवृत्त आहे. शाळेजवळच्या घरात एक म्हातारी राहते. मुलगा-सून भट्टीवर निघाली की नातवंडांना सांभाळायला तीही बरोबर जाते आणि घराची किल्ली माझ्याकडे ठेवते. चार भांडी, धान्याची कणगी, एक ट्रंक, दुसरे काय असते घरात, पण किल्ली गुरुजींकडे. तीन वर्षांपूर्वी असाच एक गट नाताळच्या सुट्टीत आला (परवाच्या बातमीतला नव्हे, दुसरा). राहायला शाळेची खोली हवी होती, ती उघडून देण्यासाठी मीच मुख्याध्यापकांना गळ घातली. पोरे गुणी होती, खोटे का बोला. सकाळी प्रार्थना करत, रात्री गिटार वाजवत, वाडीतल्या कुत्र्यांना बिस्किटे घालत. त्यांच्या प्रमुखाने घरे पाहिली आणि 'या घराची अवस्था सर्वांत वाईट आहे' म्हणून बोट दाखवले ते नेमके म्हातारीच्या घराकडे. मी किल्ली काढून दिली. म्हातारीला कसे विचारायचे, ती कुठे भिवंडीकडच्या भट्टीवर, हा विचार मनात आला नाही असे नाही. वाटले, परत आल्यावर खूश होईल.

आता त्या घराची 'वाईट अवस्था' काय होती ते सांगतो. कारवीचा कूड, वरून शेणमातीचे लिंपण, छपरावर नळ्याची जुनी कौले. पंधरावीस कौले फुटलेली आणि एक वासा खचलेला. जाणता माणूस असता तर दोन दिवसांत शाकारून मोकळा झाला असता. पण वाडीतले शाकारणारे हात सगळे भट्टीवर. पोरांनी कौले सरसकट उतरवली, मागच्या अंगाला फेकल्यासारखी रचली (अर्धी तिथेच फुटली) आणि सिमेंटचे पत्रे चढवले. पुढे विटांचा ओटा बांधून वर घोटीव सिमेंट केले. भिंतीला निळा रंग दिला.

पत्र्याला भोक पाडायचे ते फुगवट्यावर, खळग्यात नाही, कारण पाणी खळग्यातून वाहते. एवढे साधे गणित. पोरांनी सरळ रेषेत भोके पाडली, काही फुगवट्यावर आली, काही खळग्यात. हूक घट्ट आवळले, खाली डांबरी वायसर घातले तर घातले. मी खालून ओरडून सांगितले. 'अंकल, हो जाएगा,' असे उत्तर आले. रायगड जिल्ह्यात, शाळेच्या आवारात, मराठी गुरुजीला!

त्या गटात वसईकडची एक मुलगी होती. घरी आजीची चूल पाहिलेली असावी. तिने आत डोकावून वर पाहिले आणि प्रमुखाला विचारले, 'सर, धूर कुठून जाणार?' प्रमुख म्हणाले, पुढच्या वर्षी एक्झॉस्ट फॅन बसवू. वाडीतली वीज दिवसातून किती तास असते हे त्यांना मी तेव्हाच सांगायला हवे होते. मी मान डोलावली. त्या एका मुलीचे मला आजही कौतुक आहे.

मे महिन्याच्या शेवटी म्हातारी आली. मी किल्ली घेऊन बरोबर गेलो, तिचा चेहरा बघायला. तिने ओट्याला हात लावला, निळ्या भिंतीला लावला, हसली. मग आत जाऊन चूल पेटवली. नळ्याच्या कौलांच्या फटींतून धूर हळूहळू निघून जातो, सगळे छप्पर धूर सोडत असते. पत्र्याखाली तो कोंडला, खाली उतरला, आणि थोड्या वेळाने नातवंडे डोळे चोळत बाहेर आली. शेवटी तीही आली. मला म्हणाली, 'गुरुजी, घर बेस केलंत. पन धुराला दार कुठं ठेवलंत?' 'केलंत' म्हणाली. तिच्या हिशेबी ते मीच केले होते, कारण किल्ली माझ्याकडे होती.

मृगाचा पाऊस सुरू झाला आणि खळग्यातल्या भोकांखाली चार पातेली लागली.

त्यावर कडी म्हणजे जमीन. वाडी पिढ्यान्‌पिढ्या तिथे आहे, पण सातबारा गावातल्या मालकाच्या नावे. अशा वाड्या आमच्या जिल्ह्यात ढिगाने आहेत. झोपडी कुडाची आहे तोवर मालक काणाडोळा करतो. विटांचा ओटा दिसला की त्याच्या पोटात गोळा येतो, आज ओटा, उद्या हक्क. तो माझ्या दारात येऊन म्हणाला, 'गुरुजी, निदान तुम्ही तरी विचारायचं होतं.' ओटा फोडावा लागला. म्हातारीच्या मुलाने स्वतःच्या हाताने फोडला, मी शेजारी उभा होतो. त्या दिवशी त्याचा रोज बुडला तो वेगळाच.

हाच घोळ सरकारी घरकुलाचा. कातकरी ही राज्यातल्या तीन अतिमागास आदिम जमातींपैकी एक, कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर. 15 नोव्हेंबर 2023 रोजी अशा जमातींसाठी केंद्राची पीएम-जनमन योजना सुरू झाली, तिच्यात घरामागे 2 लाख रुपये ठेवले. म्हातारीच्या मुलाने अर्जाची चौकशी केली. 'जागेचा उतारा आण' म्हणाले. पायाखालच्या जागेचा उतारा दुसऱ्याच्या नावावर, मग दोन लाख ठेवायचे कुठे? चर्चच्या मंडळींत वकील असतील, नोकरदार असतील. पत्रे चढवण्यापेक्षा पाच दिवस तलाठ्याच्या आणि तहसीलदारांच्या दारात बसले असते तर मी त्यांना रोज घरचा डबा पोचवला असता. पण उताऱ्याचा फोटो चांगला येत नाही.

चर्चला एकट्याला बोलत नाही. कॉलेजात असताना आम्हीही एनएसएसच्या शिबिरात दहा दिवस खपून ओढ्यावर बंधारा घातला होता. उद्घाटनाला मोठी माणसे आली, नारळ फुटला. पहिल्या पुरात बंधारा गेला आणि खालच्या शेतकऱ्याचा बांधही घेऊन गेला. त्या शेतकऱ्याची माफी मागायला आमच्यातला कोणी गेला नाही. मीही नाही.

परवाच्या बातमीत 'हा उपक्रम दरवर्षी राबवणार' असे वाक्य आहे. जरूर राबवा. फक्त मेच्या शेवटच्या आठवड्यात या, माणसे घरी असताना, आणि वाडीतल्याच शाकारणाऱ्याला रोज देऊन पुढे घाला. पोरांनी खालून कौले पोचवावीत. आपल्या वार्ताहरालाही तेव्हाच पाठवा. त्या नऊ घरांवरच्या पत्र्यांची भोके कुठे पाडली आहेत ते तेव्हा दिसेल.

म्हातारीच्या घराचे म्हणाल तर चुलीवरचे दोन पत्रे आम्ही काढले आणि तिथे पुन्हा नळे बसवले. तिची कौले पुरली नाहीत, माझ्या गोठ्यावरची उतरवून दिली. किल्ली या दिवाळीलाही तिने माझ्याकडेच ठेवली आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जि. रायगड

ता. क. : एसटीची मुक्कामी गाडी बंद केल्याबद्दल मी दिवाळीत दोन पानी पत्र पाठवले होते. त्यातले 'चालक-वाहक मेहनती आहेत' एवढे एकच वाक्य आपण छापले. गाडी अजून बंद आहे. हे पत्र कापायचेच झाले तर कृपया मारुतीचा परिच्छेद कापा, धुराचा ठेवा.