लॅव्हेंडरची बाटली आणि वाळ्याच्या ताट्या

धरमपेठ, नागपूर
२६ मे

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र शनिवारी मिळाले. लेकीने वाढदिवसाला पाठवलेल्या पेटीतली सुगंधी तेले कशी वापरायची आणि ती खरी आहेत का, असे तू विचारले आहेस; त्याचे उत्तर फोनवर दोन मिनिटांत उरकता आले असते. पण तुझ्या घरात सव्वा वर्षाची नात आहे, मांजर आहे आणि तुझी स्वतःची झोप गेले सहा महिने उडालेली आहे, हे ध्यानात घेऊन सविस्तर लिहायचे ठरवले. शिवाय याच बाबतीत मागच्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली, ती तुला आजवर सांगितलेली नाही.

मागच्या नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, पारा ४५ अंशांच्या पुढे गेला होता आणि रात्रीसुद्धा भिंतीला हात लावला तर चटका बसे. कूलर रात्रभर चालू ठेवूनही डोळ्याला डोळा लागत नव्हता. लॅव्हेंडरच्या वासाने झोप येते असे ऐकून मी १५ मिलिलिटरची बाटली आणली होती. रुमालावर दोन थेंब टाकले, तर वास पुरेसा वाटेना. म्हणून एका रात्री बाटलीतले निम्मे तेल सरळ कूलरच्या टाकीत ओतले. पहिली काही मिनिटे खोली फारच प्रसन्न वाटली. दोनच्या सुमारास हिच्या खोकल्याने मला जाग आली. तिला दमा आहे हे तुला ठाऊकच आहे. पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून ती बसली होती, दर श्वासाला खांदे वर उचलले जात होते आणि श्वास सोडताना बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. कूलर बंद केला, खिडक्या उघडल्या, तिला दम्याचा पंप दिला आणि गच्चीवर नेऊन बसवले. अर्ध्या-पाऊण तासाने तिला आराम पडला. तो पाऊण तास मी विसरलेलो नाही.

आयुष्यभर मुलांना रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाने हे आधीच ओळखायला हवे होते. तेल पाण्यात विरघळत नाही, ते वर तरंगते. कूलरचा पंप ते पाण्याबरोबर वर चढवतो आणि गवताच्या ताट्यांवर पसरवतो. त्या ताट्यांची रचनाच मुळी पाण्याचे जास्तीत जास्त बाष्प व्हावे यासाठी असते. मग लॅव्हेंडरसारखे उडून जाणारे तेल तिथे किती वेगाने हवेत जाईल याचा विचार कर. एका मिलिलिटरमध्ये साधारण २० थेंब धरले, तर मी सुमारे १५० थेंब एका बंदिस्त खोलीत सोडले होते. ताट्यांना तो वास पुढे कितीतरी दिवस राहिला; अखेर त्या काढून टाकाव्या लागल्या.

त्यानंतर मी इतवारी बाजारातून वाळ्याच्या ताट्या आणल्या, जशा आपल्या लहानपणी महाल भागातल्या वाड्यात खिडक्यांना लावत असत. त्यांच्यावर पहिले पाणी पडताच जो मातकट, गारसा वास सुटतो, तो तुला मी वर्णन करून सांगायला नको. त्या वासाचा हिला आजवर एकदाही त्रास झालेला नाही, आणि मला वाटते त्यामागे कारण आहे. लॅव्हेंडरच्या फुलांतले तेल वाफेबरोबर तासा-दीड तासात निघून येते. वाळ्याच्या मुळ्यांना मात्र दिवसभर, कधी त्याहूनही जास्त वेळ वाफ द्यावी लागते, कारण त्यातली सुगंधी द्रव्ये जड असतात आणि सावकाश उडतात. मुळी आपले तेल पोटात धरून ठेवते आणि थोडे थोडे सोडते. बाटलीतल्या तेलाला असे धरून ठेवणारे कोणी नसते, तिथे थेंब आपल्यालाच मोजावे लागतात. म्हणून तुला पहिली विनंती ही, की पेटीतली कोणतीही बाटली उघडताना स्वतःच्या नाकावर विसंबू नकोस. घरात ज्याचा श्वास सर्वांत नाजूक आहे, त्याच्या बेताने थेंब मोज. तुझ्या घरी ती तुझी नात आहे.

आता पेटीकडे वळतो. निलगिरी आणि पेपरमिंट या दोन बाटल्या आजच्या आज कुलुपात ठेव. सर्दी झाली की बाळाच्या नाकापाशी किंवा छातीवर निलगिरी चोळायची आपल्याकडे सवय आहे, पण इतक्या लहान मुलांमध्ये या तीव्र वासांनी श्वास अडखळू शकतो. निलगिरीचे तेल चहाच्या चमच्याएवढे जरी पोटात गेले, तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात. कापराचेही तेच, आणि कापूर तर प्रत्येक देवघरात बाळाच्या हाताला येईल असा असतो. चुकून असे काही पोटात गेलेच, तर उलटी करवण्याच्या फंदात न पडता बाटली बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठायचे, हे सूनबाईंनाही सांगून ठेव. टी ट्रीचे तेल मांजरासाठी विषारी आहे. असली द्रव्ये पचवून शरीराबाहेर टाकण्याची यकृताची जी सोय आपल्याकडे असते, ती मांजरात फार तोकडी असते. त्यामुळे पिसवांवर उपाय म्हणून ते तेल तिच्या अंगाला लावू नकोस, आणि कोणतेही तेल हवेत सोडशील तेव्हा तिला खोलीबाहेर जाता येईल इतके दार उघडे ठेव.

लॅव्हेंडर मात्र तू वापर. त्यात लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट ही दोन द्रव्ये मुख्य असतात आणि त्यांच्या वासाने मन थोडे निवते, असे काही लहान अभ्यासांत दिसलेले आहे. फार मोठी अपेक्षा ठेवू नकोस, पण रोज ठरलेल्या वेळी दिवा मालवायचा आणि रुमालावर एक थेंब टाकून तो उशीशेजारी ठेवायचा, एवढ्याने मला स्वतःला गुण आला. हा रुमाल मी माझ्या बाजूला ठेवतो आणि तोही हिला विचारूनच. यंत्राने वाफारा सोडायचा असेल, तर झोपण्यापूर्वी अर्धा तास सोडून बंद कर. रात्रभर चालू ठेवू नकोस.

अंगाला लावायचे असेल तर प्रमाणाची गोष्ट माझ्या आजीकडून घे. तिचे गुडघे दुखत, तेव्हा ती रोशाचे तेल लावत असे. वाटीत चमचाभर तिळाचे तेल घ्यायची, शिशी उजेडात धरून त्यात दोन थेंब सोडायची, आणि तिसरा थेंब पडू नये म्हणून लगेच शिशीच्या तोंडावर बोट ठेवायची. आम्ही मुले ते श्वास रोखून पाहत असू. पुढे मी हिशेब केला: चहाचा चमचा म्हणजे पाच मिलिलिटर, म्हणजे १०० थेंब, त्यात दोन थेंब म्हणजे बरोबर दोन टक्के. आज जाणकार मोठ्या माणसांच्या त्वचेसाठी साधारण हेच प्रमाण सांगतात. नातीच्या मालिशच्या तेलात मात्र काहीही मिसळू नका.

रोशाचे नाव निघाले म्हणून सांगतो, हे तेल आपल्या भागाचेच आहे. रोशा गवत, ज्याला तिखाडी असेही म्हणतात, सातपुड्याच्या उतारांवर आपोआप वाढते. बैतुल, निमाड, खानदेश या पट्ट्यात ओढ्याकाठी त्याच्या भट्ट्या लागत आणि तेल मुंबईमार्गे पार कॉन्स्टँटिनोपलपर्यंत (आजचे इस्तंबूल) जात असे. तिथे ते गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरत, कारण जिरॅनिऑल हे द्रव्य दोन्हींत सामाईक आहे. आपल्या गवताचा वास गुलाब म्हणून विकला गेला याचे मला अजूनही वाईट वाटते. लॅव्हेंडरला आपला उन्हाळा सोसत नाही. आपल्या देशात ते जम्मूकडे, डोडा जिल्ह्यातल्या भद्रवाहच्या थंड हवेत होते, आणि सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेच्या अरोमा मिशन या सुगंधी पिकांच्या योजनेमुळे तिथल्या कितीतरी शेतकऱ्यांनी मका सोडून ते लावले आहे. पेटीवर भद्रवाहचे नाव असेल तर मला अवश्य कळव.

बाटली खरी की खोटी, हे तू विचारले आहेस. तिच्यावर लॅव्हॅन्ड्युला अँगस्टिफोलिया असे झाडाचे शास्त्रीय नाव आहे का ते पाहा. नुसते ‘लॅव्हेंडर फ्रॅग्रन्स’ लिहिले असेल तर तो कृत्रिम वास समज. मग कोऱ्या कागदावर एक थेंब टाक आणि शेजारी जवसाच्या तेलाचा एक टाक. जवसाचा डाग दुसऱ्या दिवशीही तेलकट राहील, लॅव्हेंडरचा उरता कामा नये. या परीक्षेत जवसासारख्या स्थिर, म्हणजे उडून न जाणाऱ्या, तेलाची भेसळ तेवढी पकडता येते. कृत्रिम वासही उडूनच जातो, त्यामुळे तो इथे सापडत नाही. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेव. हवा लागून लिनालूल बदलते आणि त्यातून तयार होणाऱ्या द्रव्यांमुळे त्वचेवर पुरळ उठू शकते. मी बाटल्या फ्रीजच्या दारात, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो.

भाजल्यावर लॅव्हेंडर लावावे, असे तुला कोणीतरी सांगितल्याचे कळले. ही समजूत गॅटफोसे नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञापासून चालत आली आहे. १९१० मध्ये प्रयोगशाळेत तो भाजला होता आणि आपल्या जखमांवर त्याने लॅव्हेंडर वापरले होते. तू मात्र भाजल्या जागेवर आधी वीस मिनिटे नळाचे साधे पाणी सोड, आणि तेल लावूच नकोस. डासांसाठीही या तेलांवर भिस्त ठेवू नका. त्यांचा परिणाम फार लवकर ओसरतो. मच्छरदाणी लावा आणि कूलरची टाकी दर आठवड्याला पूर्ण रिकामी करून घासा.

आणि नातीचे लोकरीचे कपडे डांबराच्या गोळ्यांत ठेवलेले असतील, तर ते घालण्यापूर्वी नीट धुऊन उन्हात वाळवा. काही बाळांच्या रक्तातील पेशी त्या गोळ्यांच्या वाफेने फुटतात. गोळ्यांऐवजी वाळ्याची जुडी ठेवता येईल. पुतण्या पुढच्या रविवारी तिकडे येतो आहे, त्याच्याबरोबर चार जुड्या पाठवतो. एक तुझ्या उशीखाली ठेव, आणि लॅव्हेंडरचा एक थेंब व वाळा यांपैकी कशाने झोप लागली ते आठवडाभराने लिही.

सौ. वहिनींना नमस्कार, नातीला अनेक आशीर्वाद. हिने तुम्हा सर्वांची आठवण काढली आहे. यंदाच्या नवतप्यात तिची प्रकृती अजूनपर्यंत चांगली आहे.

तुझाच,
वाड्यातला शेजारी