मंत्रिमहोदय, गायीच्या तोंडात हात मी घातला

माननीय पशुपालन मंत्रिमहोदय, मध्य प्रदेश शासन, भोपाळ

सादर प्रणाम.

हिंदीत तीन अर्ज केले, तिन्ही आवक-जावकच्या टेबलावर गडप झाले. म्हणून हा चौथा मराठीत, आणि उघड्यावर. तुम्ही नाही वाचलात तरी आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या मराठी आज्या वाचतील, आणि त्या काही विसरत नाहीत.

मी बीव्हीएस्सीच्या, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकीच्या, साडेपाच वर्षांतल्या शेवटच्या वर्षात, म्हणजे इंटर्नशिपवर आहे. गेल्या 28 सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिनी, आमच्याकडून पोस्टरं रंगवून घेतली. त्याच मंडपात तुमच्या खात्याच्या एका साहेबांनी माईकवर सांगितलं की जनावराला हात लावण्याआधी प्रत्येक इंटर्नला रेबीजची लस मिळेल. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. लस आलीच नाही.

मागच्या आठवड्यात मंगळवारी एक गाय आली. लाळ गळतेय, चारा सोडलेला, हंबरणं घोगरं. मालक म्हणाला, "मैडम, गला में कंई अटकी ग्यो." अशी गाय दिसली की आधी रेबीजचा संशय घ्यायचा, हे आम्हाला शिकवलेलं आहे. पण ओपीडीत रांग होती, वरिष्ठ म्हणाले "देख लो", ग्लोव्हजचा डबा तीन आठवडे रिकामा. मी उघड्या हाताने घशापर्यंत चाचपलं. काहीच अडकलेलं नव्हतं. अंगठ्याजवळ आदल्या दिवशीचा ओरखडा होता, तो रात्री पोळी आमटीत बुडवताना चुरचुरला तेव्हा आठवला. गुरुवारी गाय मेली. मेंदूचा नमुना तपासायला पाठवला का, विचारलं. उत्तर: "कौन भेजेगा?"

माणसांच्या दवाखान्यात खिडकीवरच्या भाऊंनी विचारलं, कुत्रा की मांजर? गाय म्हटलं. चावली? नाही, मीच हात घातला. ते हसले. त्यांच्या रजिस्टरात असा रकानाच नाही. लाळ उघड्या जखमेला लागली की ती सगळ्यात धोक्याच्या, तिसऱ्या श्रेणीत जाते, लस आणि सिरम (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) दोन्ही लागतात, हे त्यांना मी समजावलं. सिरम संपलं होतं, बाबांनी बाहेरून विकत आणलं. आता माझं लसीचं कॅलेंडर: दिवस 0, 3, 7, 14, 28. साहेबांनी कबूल केलेल्या तीन सुया आधी झाल्या असत्या, तर आता दोनच पुरल्या असत्या आणि सिरम लागलंच नसतं. रेबीज झालं की पाणी गिळवत नाही, म्हणून रोज रात्री आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मला पाणी पिताना बघते. बोलत काही नाही, नुसती बघते.

मागण्या साध्या आहेत. लस, ग्लोव्हज, आणि मेलेल्या जनावराचा नमुना पाठवणारा एक माणूस. पण हे मागायची वेळ यावी? 2019 च्या पशुगणनेत राज्यात 1 कोटी 87 लाखांच्या आसपास गोवंश आहे. राष्ट्रीय कृषी आयोगाने 1976 सालीच पाच हजार जनावरांमागे एक डॉक्टर हवा म्हटलं होतं. ढोबळ भागाकार केला तर नुसत्या गायींना साडेतीन हजारांच्या वर डॉक्टर लागतात, म्हशी-शेळ्या मी धरलेल्याच नाहीत. तुम्ही मात्र 1962 या हेल्पलाइन नंबरवर येणाऱ्या फिरत्या पशुदवाखान्यांच्या 406 गाड्या मोजून दाखवता. गाड्या छान आहेत हो, पांढऱ्याशुभ्र. त्यातून उतरणाऱ्याला लस टोचली आहे का, हे कुणी विचारलंय? आमच्या बॅचमध्ये ज्यांना टोचलेली आहे असे चार-पाच असतील, तेही स्वतःच्या खिशातून. मी सगळ्यांना विचारलेलं नाही, पण त्याहून जास्त नसावेत.

गायीला माता म्हणायला सगळे पुढे, तिच्या घशात हात घालायला इंटर्न. भाषणं गोमातेवर, पुरस्कार स्वच्छतेचे, आणि दवाखान्यात हात धुवायला साबणाचा तुकडाही आम्ही घरून नेतो! 2030 पर्यंत देशातून रेबीज घालवणार, असं त्या पोस्टरवर मीच मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. ते अजून ओपीडीच्या भिंतीवर आहे, खालचा कोपरा ओलीने सुटलाय.

उद्या तिसरी सुई.

आपली,
एक इंटर्न, रामबाग, इंदूर

(नाव लिहीत नाही. इंटर्नशिप पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही व्हायची आहे, आणि ती "देख लो" म्हणणारेच करणार आहेत.)