किसनमामाची बातमी तुलाच सांगायची होती

नगर,
रविवार, रात्र

प्रिय शांतवन,

सप्रेम सलाम. आम्ही सगळे बरे आहोत. माझी साखर ताब्यात आहे, शीलाचा खांदा अधूनमधून धरतो, एवढंच.

आपल्या बोर्डिंगात भाकऱ्या करणारा किसनमामा जिवंत आहे. आपण सगळेच तो केव्हाच गेला असं धरून चाललो होतो. तो माळीवाड्याच्या मागच्या बाजूला एका खोलीत आहे. अर्धांगाने डावी बाजू पूर्ण गेलीय, बोलणं अर्धं कळतं, पण तुझं नाव घेतल्यावर त्याने उजवा हात उचलून ताट पुढे करायची खूण केली. अजून भाकरी मागणारा तो तूच, हे त्याला पक्कं आठवतंय. करपलेल्या भाकरीवरून बोर्डिंगात जेवढा दंगा तू केलास तेवढा कुणी केला नसेल, आणि त्याच भाकऱ्या सर्वांत जास्त खाल्ल्याही तूच.

पत्र मात्र दाऊद गुरुजींबद्दल आहे. किसनमामा त्यात सापडला.

चर्चच्या मंडळीच्या सभेच्या इतिवृत्तावर गुरुजींची सही हवी होती, म्हणून सकाळी त्यांच्या घरी गेलो. शेजारीण म्हणाली, या वेळेला ते कधीच घरी नसतात, माळीवाड्याकडे जातात. विचारत विचारत त्या खोलीशी पोचलो. दार उघडं होतं. गुरुजी बाह्या दुमडून किसनमामाला कुशीवर वळवत होते. मला बघून दचकले नाहीत की ओशाळले नाहीत. "बरा आलास, पाय धर," म्हणाले. मी पाय धरले. त्यांनी पाठ पुसली, कोरडी केली, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी ठेवली, टाचेखाली घडी सरकवली. भिंतीवर खडूने वेळा लिहिलेल्या होत्या, दर दोन तासांनी कूस बदलायची. बेडसोर होऊ नयेत म्हणून कुणा निवृत्त नर्सबाईंकडून हे सगळं शिकून आलेत, ऐंशीच्या घरातला माणूस! आणि हे फक्त स्वतःजवळ ठेवलेलं नाही. शेजारच्या सुनेला शिकवलंय, घरमालकाच्या मुलाला शिकवलंय. गुरुजी सकाळचे, ती दुपारची, तो मुलगा रात्रीचा. पेज भरवताना मान किती उचलायची म्हणजे ठसका लागणार नाही, हे त्या मुलाने मला करून दाखवलं. किती वर्षं चाललंय विचारलं, तर गुरुजी म्हणाले, "मोजायला कुणी सांगितलंय?"

भिंतीवर विठोबाचं चित्र आहे. गुरुजी पाठ पुसताना रेव्हरंड ना. वा. टिळकांचा अभंग गुणगुणत होते आणि किसनमामा अर्ध्या जिभेने तुकोबाचा. दोघांचे शब्द वेगळे, चाल एकच. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं टिळक म्हणत, ते त्या खोलीत मला अगदी जवळून कळलं.

निघताना गुरुजींनी बजावलं, "मंडळीत बोलायचं नाही. उजवा हात करतो ते डाव्या हाताला कळू नये, मग मंडळीला कशाला?" मग थोडं थांबून, "शांतवनला सांग मात्र. किसनचा जीव होता त्याच्यावर." म्हणून हे पत्र. ही गोष्ट शीलाच्याही कानावर घातलेली नाही.

आता माझी अडचण ऐक. रस्ता रुंदीकरणात आपल्या चर्चच्या कंपाउंडची पुढची पट्टी गेली, तिची भरपाई आलीय. रक्कम मोठी नाही, पण मंडळीच्या खात्यात एवढे पैसे एकदम कधी आलेले मी पाहिले नाहीत. मनोरा तडकल्यापासून घंटा खाली उतरवून वेस्ट्रीत, पाळकांच्या खोलीत, ठेवलीय. गुरुजींचं आणि जुन्या पंचांचं म्हणणं, मनोरा बांधा, घंटा वर चढवा. माझं आणि तरुण संघातल्या बहुतेकांचं म्हणणं वेगळं आहे. आपल्या मंडळीत घरोघर एकटी म्हातारी माणसं उरलीत. मुलं पुण्याला, दुबईला, तुझ्यासारखी मस्कतला. मंडळीतल्या पाचसहा बायकांना घरच्या शुश्रूषेचं शिक्षण द्यावं, त्यांना मानधन द्यावं आणि बोर्डिंगच्या कुलूप लागलेल्या खोलीतून हे काम चालवावं, असा माझा प्रस्ताव आहे. गेल्या सभेत मी बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय वाचून दाखवला. उघड्यानागड्या, उपाशी भावाला नुसतं "सुखाने जा, ऊब घ्या" म्हणून काय उपयोग, ते. टाळ्या पडल्या. चर्चमध्ये टाळ्या!

गुरुजी शांतपणे उठले आणि म्हणाले, "दुसरा वाचलास, छान वाचलास. आता तिसराही वाच." आणि बसले. तिसऱ्याच्या शेवटी काय आहे ते तुला पाठ आहे, त्यांनीच छडी आपटून पाठ करून घेतलंय. ज्ञानी कोण, तर ज्याचं वागणंच लीनतेने दाखवतं तो. मत्सर आणि तट असतील तिथे अव्यवस्था. वरून येणारं ज्ञान शांतिप्रिय, सौम्य, दयेने भरलेलं. ते वाचायला मला कुणी वेळच दिला नाही, तोवर दोन्ही बाजूंनी आवाज चढले होते. आमच्या बाजूच्या एका पोराने जुन्या पंचांना "दगडविटांचे भक्त" म्हटलं. ते मला अजून सलतंय. मागणी योग्य असूनही ती मांडताना माणसं दुखावली जात असतील, तर याकोबाच्या हिशेबात ती कुठे बसते?

तू आता हसत असशील. बोर्डिंगच्या गच्चीवर रात्ररात्र तू पौलाची पत्रं घेऊन बसायचास आणि मी याकोबाचं, तू विश्वासाच्या बाजूने, मी कृतीच्या. तुझं ठरलेलं वचन इफिसकरांस दुसऱ्या अध्यायातलं, कृपेनेच तारण झालं, कर्मांनी नव्हे, कुणी आढ्यता बाळगू नये. मी म्हणायचो, एक ओळ खाली उतर, दहावं वचन वाच, सत्कृत्यं करण्यासाठी आपण निर्माण झालो असं पौलच म्हणतो. मग तू जर्मन धर्मसुधारक ल्यूथर काढायचास. १५२२ च्या नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्याने याकोबाच्या पत्राला पेंढ्याचं पत्र म्हटलं, हे कुठून तरी वाचून आलास आणि महिनाभर मला पेंढा म्हणून हाक मारलीस. पुढच्या आवृत्त्यांतून ते वाक्य गळलं, आणि विश्वास ही जिवंत, सतत कामात असलेली गोष्ट आहे, भलं केल्याशिवाय तिला राहवत नाही, हेही ल्यूथरनेच रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत लिहिलंय. हे तुला कितीदा ऐकवलं! अजून मान्य केलेलं नाहीस, पेंढ्याचे पैसे बाकी आहेत.

शेवटी भांडण गुरुजींकडे नेलं, तेव्हा त्यांनी उत्तर दिलंच नाही. फक्त उत्पत्ती पंधरावा अध्याय, सहावं वचन काढायला लावलं, अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि ते त्याचं नीतिमत्त्व गणलं गेलं ते, आणि म्हणाले, अब्राहामाचं हे एकच वचन पौलही घेतो, याकोबही घेतो, तुम्ही दोघं कशाला वाटून घेता? तेव्हा मला ती पळवाट वाटली होती. माळीवाड्याच्या त्या खोलीत उभा राहून किसनमामाचे पाय धरलेले असताना वाटलं, उत्तर तर ते देतच होते.

आणि जामखेड आठवलं. तरुण संघाचं शिबिर, तू दुपारच्या बैठकीत भिंतीला टेकून घोरलास ते. तुझ्यावर रागवायला मी आजही तयार आहे, कारण आरोग्याचं काम शिकलेल्या गावच्या बायका बोलत होत्या आणि तू झोपला होतास. रजनीकांत आणि मेबल आरोळे वेल्लोरला शिकलेले डॉक्टर, मोठ्या शहरात कुठेही बसले असते. १९७० मध्ये जामखेडला आले, तेव्हा त्या गावांत हजारातली १७६ बाळं वर्षाच्या आत जात होती. त्यांनी आधी लोकांना विचारलं, तुम्हाला काय हवंय? लोक म्हणाले, पाणी आणि अन्न. डॉक्टरकडे पाणी मागतात लोक! तर त्यांनी पाणी आणलं. बोअरच्या जागा दलित वस्तीतच निघतील अशी तजवीज केली, म्हणजे पाण्यासाठी सगळं गाव तिथे येणार. जातीवर भाषण एकही नाही. नर्स पाठवून भागेना, तेव्हा गावानेच निवडलेल्या बायकांना शिकवलं. त्यातल्या कितीतरींना लिहिता येत नव्हतं, कितीजणी तथाकथित खालच्या जातीतल्या. शिकायला आल्या की सगळ्यांनी एका मोठ्या पांघरुणाखाली झोपायचं. नाळ कशी कापायची, जुलाबाच्या पोराला साखर-मिठाचं पाणी कसं द्यायचं, हे डॉक्टरांच्या हातातलं ज्ञान त्यांनी वाटून टाकलं. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे मिळालं, ते सगळ्यांना माहीत आहे. माझ्या मनात राहिलं ते त्यांचं आधी विचारणं आणि मग शिकवून मोकळं होणं. केडगावला पंडिता रमाबाईंनी तेच केलं. दुष्काळातल्या मुली आणल्या, नुसतं जेवू घातलं नाही, विणकाम शिकवलं, छापखाना त्यांच्या हाती दिला. त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल त्याच मुलींनी जुळवलं.

दया बऱ्याच लोकांजवळ असते, मंडळीत तर भरपूर. दयेला शहाणपण लागतं, नाहीतर ती आपल्याच समाधानासाठी धावते. भिंतीवर खडूने लिहिलेल्या वेळा मला म्हणूनच विसरता येत नाहीत.

आता खरी काळजी. पुढच्या रविवारी भक्तीनंतर मतदान आहे. किसनमामाची गोष्ट मी सभेत सांगितली, तर आम्ही जिंकतो. मनोऱ्याच्या बाजूचा सर्वांत मोठा माणूस स्वतः रोज जे करतो, तेच आम्ही मागतोय, एवढं म्हटलं की संपलं. आणि वचनही हाताशी आहे. तुमची सत्कृत्यं लोकांनी पाहावी, असा प्रकाश पडू द्या. डोंगरावरचं तेच प्रवचन, पान उलटलं की लगेच डाव्या हाताची गोष्ट! दोन्ही प्रभूचेच शब्द. मी रात्री अंथरुणात हेच उलटंसुलटं करतोय. दाखवायचं ते पित्याच्या गौरवासाठी, मत मिळवण्यासाठी नव्हे, असं मला वाटतं. आणि गुरुजींचा शब्द मोडून जिंकलेल्या पैशातून मी कुणाची शुश्रूषा करणार? नाही सांगणार. इथपर्यंत मन ठरलंय. पण उद्या एखादी म्हातारी एकटी घरात पडून राहिली, तर न सांगितल्याचा दोष कुणाचा, याचं उत्तर मला सापडत नाही. तू पौलाकडून शोध.

घंटेबद्दल गुरुजींना एकदा सरळ विचारलं. म्हणाले, ७२ च्या दुष्काळात ती घंटा झाली की सगळ्या आळ्यांतली पोरं सुकडीसाठी पळत यायची, जात-धर्म न विचारता. घंटा वाजत नाही ते चर्च लोकांना बंद वाटतं. यावर काय बोलू?

मग मी ठरवलं, आरोळ्यांसारखं आधी विचारावं तरी. कुलूपबंद खोलीचा प्रस्ताव खिशात ठेवून म्हाताऱ्यांच्या घरी जायला लागलो. पहिलं घर तुझ्या आईचं. मी विचारलं, मावशी, मंडळीने तुमच्यासाठी काय करावं? मी उत्तराची वाट बघत होतो, औषधं म्हणेल, सोबत म्हणेल. तुझी आई म्हणाली, "घंटा चढवा रे. ती वाजली की वाटतं, कुणीतरी बोलावतंय." शांतवन, मी चहा घेतला आणि गप्प बसलो. ती शेजारच्या सोनवणे काकूंबद्दल मात्र तासभर बोलली. त्या बाथरूममध्ये पडल्या, दुपारपर्यंत कुणाला कळलं नाही. म्हणजे दोन्ही हवंय. पैसे दोन्हीला पुरत नाहीत.

मी सभेत आता असं मांडणार आहे. मत पुढे ढकला, दोन महिने दोन्ही बाजूंनी जोडीजोडीने घरोघर जाऊन विचारा, जोडीत एक मनोऱ्याचा आणि एक आमचा. "दगडविटा" म्हणणाऱ्या पोराला मी गुरुजींबरोबर घालणार आहे. गुरुजी त्याला माळीवाड्याला नेतील की नाही, ते त्यांच्यावर.

तुझ्या लेकीचा बारावीचा निकाल कळला, अभिनंदन, तिला पेन पाठवतोय. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का? तिथे शुक्रवारी उपासना करून तुमचा रविवार ऑफिसात जातो, त्याची आता सवय झाली असेल.

आईकडे शीला मंगळवारी आणि शुक्रवारी जाते, तू काळजी करू नकोस, पण आईला फोन रोज कर, सात मिनिटांत उरकू नकोस. किसनमामासाठी पैसे पाठवू नकोस, गुरुजी घेणार नाहीत. हवेची गादी पाठव, तिथे चांगली मिळत असेल, पंप दोनशेवीस व्होल्टवर चालणारा बघ. आणि मला रविवारच्या आधी कळव, सभेत मी बरोबर करतोय का. पौलाचं वचन घालून लिहिलंस तरी चालेल.

तुझा,
विनय