खर्रा, भूक आणि दंडाची पावती

महोदय,

पानठेल्यांवर धाड पडली की जप्त केलेल्या सुपारी-तंबाखूच्या पोत्यांची छायाचित्रे छापून येतात. पण तो माल कोण खातो आणि का, हा प्रश्न बातमीत क्वचितच असतो. नागपुरात सकाळी मजुरांच्या कोणत्याही ठिय्यावर थोडा वेळ थांबले, तर उत्तर मिळते. काम मिळेल की नाही याची शाश्वती नसलेला माणूस आधी पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा घेतो व त्या एका पुडीवर दुपारपर्यंत भूक मारतो. निकोटिनने भूक मंदावते, त्यामुळे आपण ज्याला शौक म्हणतो तो पुष्कळदा चुकलेल्या जेवणाचा पर्याय असतो.

राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरीही २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरणारे आढळले. व्यसन सुशिक्षितांनाही असतेच (कार्यालयांच्या जिन्यांचे कोपरे पाहावेत!), मात्र त्यांच्याजवळ रजा असते आणि दंतवैद्याची फीही असते. मजुराला तिखट सोसेनासे झाले, तोंड पुरते उघडेनासे झाले, तरी रोजी बुडेल म्हणून तो तपासणी पुढे ढकलतो आणि रुग्णालयात पोहोचतो तोवर अनेकदा उशीर झालेला असतो.

महापालिकेने थुंकणाऱ्यांकडून दंड जरूर वसूल करावा. परंतु मुखतपासणी व समुपदेशन सकाळी ठिय्यावरच आणि संध्याकाळी वस्तीतील दवाखान्यात मोफत उपलब्ध करून द्यावे, ही विनंती.

— एक वाचक, नागपूर