मालकांच्या दाव्यांत सापडणारे पूर्वज

संपादक महोदय,

‘१८६३ मध्ये लिंकनच्या जाहीरनाम्याने अमेरिकेतील गुलामगिरी संपली’ असे मराठीत सर्रास छापले जाते. सीमावर्ती राज्यांत गुलाम म्हणून जन्मलेल्या पूर्वजाचा शोध घेणाऱ्यांची त्यामुळे पहिल्याच पावलाला दिशाभूल होते. मेरीलँड, डेलावेअर, केंटकी, मिसुरी ही गुलामगिरीची राज्ये यादवी युद्धात संघराज्यातून फुटली नव्हती. जाहीरनामा फुटलेल्या राज्यांपुरताच होता, म्हणून तो तिथे लागूच नव्हता. मेरीलँडमध्ये १ नोव्हेंबर १८६४ रोजी, मिसुरीत ११ जानेवारी १८६५ रोजी गुलामगिरी रद्द झाली. उरलेल्या दोन राज्यांत डिसेंबर १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने.

अमेरिकेतल्या मराठी घरांतही आता आफ्रिकी-अमेरिकी सुना-जावई आहेत. वंशावळ मांडताना त्यांची बाजू १८७० च्या जनगणनेपाशी अडते. त्याआधीच्या १८५० आणि १८६० च्या गुलाम-याद्यांत नाव मालकाचे. गुलामांचे बहुधा फक्त वय, लिंग, वर्ण. पण इथे हातपाय गाळू नयेत. या राज्यांतल्या मालकांना सरकारकडून भरपाईची आशा होती, आणि पैसे मागायचे तर माणसांची नावे लिहावीच लागत.

मेरीलँडने १८६७ च्या सुमारास काउंटीवार (जिल्हावार) नोंदवह्या केल्या. त्यांत मुक्तीच्या दिवशी मालकाच्या ताब्यात असलेल्यांची नावे, वय, प्रकृती आणि सैन्यभरतीची नोंद आहे. भरपाई कधीच मिळाली नाही. वह्या मात्र उरल्या, सगळ्या काउंट्यांच्या नसल्या तरी. अ‍ॅनापोलिसच्या मेरीलँड राज्य पुराभिलेखागारात आधी त्याच पाहाव्यात.

पूर्वज यादवी युद्धात संघराज्याच्या कृष्णवर्णीय पलटणीत असेल तर त्याची सेवा-फाइल मागवावी. संघराज्याशी निष्ठावंत मालकाला भरती झालेल्या गुलामामागे ३०० डॉलरपर्यंत भरपाई कबूल होती. त्यासाठी तो गुलाम विकत घेतला, वारशाने आला की घरच्याच गुलाम स्त्रीच्या पोटी जन्मला, हे मालकाला सांगावे लागे. दाव्याचा कागद टिकला असेल तर त्यातून आधीचा मालक, क्वचित आईचेही नाव कळते. त्याहून बोलकी अशा सैनिकाच्या विधवेची पेन्शन-फाइल. गुलामांच्या लग्नाला कायद्याची मान्यता नव्हती, म्हणून लग्न आणि मुलांचे जन्म शेजारीपाजारी, जुने सोबती शपथेवर सांगत.

सर्वाधिक घोळ आडनावाने होतो. ते शेवटच्या मालकाचेच असते असे नाही. १८७० च्या यादीतले आसपासचे गोरे जमीनदार टिपावेत आणि काउंटी न्यायालयात त्यांची मृत्युपत्रे, मालमत्तेच्या याद्या तपासाव्यात. त्यांत गुलामांची नावे किमतीसह असतात. वयात चार-पाच वर्षांचा फरक पडला म्हणून नोंद टाकून देऊ नये. केंटकीत १८५२ ते १८५९ दरम्यानच्या जन्मनोंदी गुलाम बाळांच्याही आहेत, पण त्या मालकाच्या नावाखाली शोधाव्या लागतात.

– दोन वाचक, बाल्टिमोर (अमेरिका)