तिरुवण्णामलैहून आल्यावर

बोरिवली, मुंबई

चि. मंदार,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आम्ही परवा सुखरूप घरी आलो. फोनवर तू "कसं झालं?" विचारलंस आणि मी "छान" म्हणून ठेवून दिला. नीट सांगायचं राहिलं, म्हणून लिहिते आहे.

तिरुवण्णामलैचं शंकराचं देऊळ प्रचंड आहे. पूर्वेचं राजगोपुर अकरा मजली. पंचमहाभूतांतलं हे अग्नीचं स्थान. तिथे मागचा अरुणाचल डोंगर म्हणजेच शिव, म्हणून लोक त्याचीच प्रदक्षिणा करतात, १४ किलोमीटर, अनवाणी. आम्ही पहाटे चारला निघालो. वाटेवर आठ दिशांची आठ लिंगं. यमलिंगापाशी टाचेत खडा रुतला, तर बाबांनी रस्त्यातच खाली बसून बाटलीतल्या पाण्याने माझा पाय धुतला.

पण मनात राहिली ती तिथले संत रमण महर्षी यांच्या आईची गोष्ट. १८९६ साली सोळा वर्षांचा हा मुलगा मदुरैचं घर सोडून या डोंगरापाशी आला. भावाच्या कॉलेजच्या फीच्या पाच रुपयांतले तीन घेतले आणि दोन चिठ्ठीसोबत ठेवले. फी भरायची राहिली आहे, हेही चिठ्ठीत लिहिलं. दोन वर्षांनी आई शोधत आली, रडली, विनवण्या केल्या. तो एक शब्द बोलला नाही. ती त्याच्याशिवायच परत गेली. १९१६ साली मात्र राहायलाच आली आणि डोंगरावरच्या स्कंदाश्रमात स्वयंपाक करू लागली. १९२२ साली ती गेली. महर्षी तिच्या समाधीपाशी खाली यायचे, ते शेवटी तिथेच राहिले. आजचा आश्रम तिच्या समाधीभोवती उभा आहे.

स्कंदाश्रमात बराच वेळ बसले होते. खाली देवळाची चारही मोठी गोपुरं दिसत होती. तू नोकरी सोडून बंगळुरूला गेलास त्या दिवशीचा फ्रिजवरचा कागद आठवला. 'गॅसचं बिल भरलंय. आजीच्या गोळ्या महिनाभराच्या आणून ठेवल्यात.' मी तो फाडला असं तुला सांगितलं होतं. फाडला नाही रे. देवघराच्या खणात आहे. दोन महिने तुझ्याशी धड बोलले नाही, ते माझं चुकलं.

मे महिन्यात येते, चांगली पंधरा दिवस. तुझ्याकडे कुकर आहे का, आणि केवढा, ते कळव. गोडा मसाला इथूनच आणते.

तुझी
आई