कुरकुरीचा माग काढणाऱ्या काकांना

ती. स्व. काकांना,
सा. न. वि. वि.

समोर येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही "चहा सांगू का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे जाहीर पत्र. तुमचं नाव नि सायकलदुरुस्तीच्या दुकानाची खूण मुद्दाम लिहीत नाही. साताऱ्यात ज्यांना कळायचं त्यांना बरोबर कळेल.

माझ्या सायकलीची कुरकुर यवतेश्वरच्या घाटातच चालू व्हायची. सपाटीला चकार शब्द नाही. चढ लागला, पायडलवर जोर पडला, की कर्र-टक, कर्र-टक. सकाळी घाटात पळायला येणारी मंडळी मागून आवाज ऐकून आपणहून बाजूला सरायची, घंटी वाजवायचं कामच उरलं नव्हतं. उपाय मात्र प्रत्येकाकडे तयार. कुणी म्हणे सीट, कुणी म्हणे चेन, कुणी सगळीकडे तेल मारायला सांगे. एका मोठ्या दुकानात तर सायकल जरा हलवून पाहिली आणि "बीबी गेली, नवीन टाकावी लागेल" असा निकालच दिला. बीबी म्हणजे दोन्ही पायडलांच्या दांड्या ज्यावर फिरतात ते मधलं बेअरिंग. आवाज पायाखालूनच यायचा, त्यामुळे ते पटण्यासारखंही होतं. तरी म्हटलं, पैसे घालायच्या आधी काकांच्या कानावर घालू.

तुम्ही पान्याला हातच लावला नाहीत. म्हणालात, "ताई, आवाज कुठनं येतो ते ऱ्हाऊ द्या. कधी येतो ते सांगा."

मग एकेक प्रश्न. पाय थांबवून सायकल नुसती सोडली तर? बंद. म्हणजे चाकाच्या छऱ्यांवरचा संशय गेला, कारण चाक तर फिरतंच आहे. सीटवरून उठून मारलं तर? येतो. सीट आणि तिचा पिलर संशयातून सुटले. एका पायाला येतो की दोन्ही? हे मी कधी टिपलंच नव्हतं. तुम्ही मला दुकानाशेजारच्या चढावर पिटाळलंत. परत येऊन सांगितलं, दोन्ही पायांना. "मग पायडल न्हाई. दोन्ही एकदम कशाला रडतील?" तरी माझ्या समाधानासाठी दुसरी पायडलं लावून पाहू दिलीत, डाव्याचे आटे उलटे असतात हे दाखवून. कर्र-टक तसंच. पुढच्या लहान चक्रावर वाढतो का? वाढतो. इथं तुम्ही पहिल्यांदा "हां" म्हणालात. पायाचा जोर तेवढाच असला तरी चक्र लहान असलं की चेन जास्त ताणली जाते, मग ताण जिथं बसतो तिथं शोधायचं, एवढा सरळ हिशोब. पण तो मला कुणी सांगितला नव्हता.

बीबीचं प्रकरण तुम्ही दोन मिनिटांत मिटवलंत. चेन उतरवून क्रँक, म्हणजे पायडलची दांडी, हातानं फिरवला, मग दोन्ही बाजूंना हलवून बघितला. ना खडखड, ना ढिलाई. काळी सायकल असती तर कॉटरवर, म्हणजे क्रँक घट्ट धरणाऱ्या खिळीवर, संशय घेतला असता, म्हणालात, पण हिला कॉटरच नाही.

त्यानंतरचं मात्र मी जन्मात विसरणार नाही. मला दोन्ही ब्रेक दाबून धरायला लावलेत, क्रँक आडवा ठेवून पायडलवर नुसता भार द्यायला सांगितलंत आणि स्वतः उकिडवे बसून एकेका जोडावर बोटाचं टोक टेकवत गेलात. बीबीपाशी काही नाही. सीटच्या नळीपाशी काही नाही. मागच्या चाकाच्या उजव्या टोकाशी आल्यावर थांबलात. "इथं. आता मी दाबतो, तुम्ही बोट ठेवा." ठेवलं. दर दाबाला बोटाखाली बारीकसा झटका बसत होता, आणि कानाला आवाज मात्र अजूनही पायाखालूनच येत होता! ॲल्युमिनियमच्या पोकळ नळ्या आवाज कुठून कुठे नेऊन सोडतील याचा नेम नाही, हे तुमचं म्हणणं त्या बोटानंच पटवलं.

चाक काढलंत, मग गिअर बदलताना चेन सरकवणारा डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो सुपारीएवढा हँगर. त्याचा स्क्रू थोडा सैल. हँगर सुटा केल्यावर मागे तांबूस-काळा लगदा निघाला, कासच्या रस्त्यावरची जांभ्याची माती, चेनचं तेल आणि पावसाचं पाणी एकत्र मुरलेलं. जोर पडला की हँगर केसभर सरकायचा, अडकायचा, पुन्हा सरकायचा. एवढीच ती कुरकुर. तुम्ही दोन्ही तोंडं पुसून लख्ख केलीत, ग्रीसचा पातळ हात दिलात आणि स्क्रू मला आवळायला दिलात, वर ताकीद देऊन: हँगर मुद्दाम मऊ धातूचा करतात, सायकल पडली तर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी, तेव्हा अंगातली सगळी ताकद इथं दाखवायची नाही.

बीबीचे पैसे वाचले, त्याचे आभार आहेतच. पण बाहेर दोन पंक्चरवाले ताटकळत उभे असताना तुम्ही मला बाजूला बसवून काम उरकलं नाहीत, प्रत्येक ठिकाणी माझं बोट टेकवून घेतलंत, त्याचे जास्त. तुमच्या हाताखालच्या पोराला ते फारसं आवडलं नव्हतं हेही मी बघितलं. त्यालाही थँक्यू सांगा.

आणि एक तक्रार. एवढ्या खटपटीचे तुम्ही किती घेतलेत तो आकडा मी इथं लिहीत नाही, नाहीतर उद्या येणारं प्रत्येक गिऱ्हाईक तेवढेच पुढे करेल. पुढच्या खेपेला नीट पैसे सांगा. घासाघीस मी करणार नाही, हे इथं सगळ्यांसमोर लिहून देते.

आपली,
घाटातली सायकलवाली ताई